विमलला घेऊन अंदमानला

जानेवारीतली गारठ्याची सकाळ होती आणि मी म्हसवडच्या एसटी स्टँडवर उभी होते... दोन वळकट्या, एक ट्रंक आणि शेजारी विमल. दुष्काळाचं वर्ष होतं ते. बाहत्तर संपून त्र्याहत्तर नुकतंच लागलं होतं.

विमल माझी जिवाची मैत्रीण. साताऱ्याला शिक्षिकेचा कोर्स करताना आम्ही एका खोलीत राहायचो. पुढे मी सांगलीत शाळेवर लागले आणि तिचं लग्न म्हसवडच्या एका फौजी मुलाशी झालं.

एकाहत्तरच्या लढाईत तो गेला. वर्षश्राद्ध होईपर्यंत ती कशीबशी सगळं करत होती... मग तिनं बोलणंच सोडलं.

तिचा थोरला भाऊ, शंकरदादा, पोर्ट ब्लेअरला सरकारी नोकरीत होता. त्यानं कळवलं, थंडीभर इकडे राहायला पाठवा, हवापालट होईल. एवढ्या लांब तिला एकटीला कोण सोडणार? मी शाळेत रजा टाकली.

एसटीत चढताना तिच्या सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. विहिरीला थेंबभर पाणी नाही, तरी पोर संध्याकाळभर काठावर जाऊन बसते आणि खाली बघत राहते, असं त्यांनी हळूच सांगितलं. मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "पोरी, माझा ल्योक गेला. हिला तेवढी माघारी आण."

झालं... तिथून मी विमलवरची नजर काढली नाही. आम्ही हवापालटाला म्हणून निघालो होतो, आणि चारी बाजूंनी पाणी असलेल्या बेटावर मी हिला घेऊन चालले होते.

मिरजेहून गाड्या बदलत मद्रास गाठलं. जहाज बघितलं आणि मी विमलचं मनगट धरून ठेवलं. सांगलीत कृष्णेकाठी वाढूनही मला पोहता येत नव्हतं, आणि विमलनं तर समुद्र पहिल्यांदाच बघितला.

बोटीवर सगळे हवा खायला डेकवर जायचे. ती कठड्याला टेकून पाण्याकडे बघत राहायची आणि मी तिच्याकडे. लोकांना वाटत असेल, काय ही बाई... मैत्रिणीला जरा मोकळं सोडत नाही.

झोपायची वेळ झाली की मी गुपचूप तिच्या पदराला माझ्या पदराची गाठ मारायची. सकाळी ती उठायच्या आत सोडायची. तिला काही विचारायची हिंमत मात्र झाली नाही... विचारलं आणि तिनं 'हो' म्हटलं तर?

पोर्ट ब्लेअरला उतरलो तर अंगावरचे स्वेटर नकोसे झाले. माड, केळी, सगळीकडे हिरवंगार. वहिनींनी माशांचं कालवण आणि भात वाढला. विमल चार घास खाऊन उठली.

दादाच्या क्वार्टरपासून समुद्र अगदी जवळ होता. दादाला काळजी सांगावी असं रोज वाटायचं, पण बहिणीला बघून तो इतका खूश होता की जीभ रेटेना. मी आपली रोज दाराजवळ अंथरूण घालायची.

एका सकाळी जाग आली तर तिचं अंथरूण रिकामं. दार नुसतं लोटलेलं. तिथे आपल्यापेक्षा फार लवकर उजाडतं... बाहेर लख्ख प्रकाश पडला होता.

मी अनवाणीच पळत सुटले. किनाऱ्यावर तिच्या चपला नीट जोडून ठेवल्या होत्या, आणि ती कमरेइतक्या पाण्यात पाठमोरी उभी होती.

मी तशीच लुगड्यानिशी पाण्यात घुसले, पडले, उठले, नाकातोंडात खारट पाणी गेलं. तिच्या दंडाला धरलं ते असं की नखं रुतली तिला.

ती वळली. चेहरा अगदी शांत होता. म्हणाली, "पाणी कोमट हाय गं. बघ तरी."

मी रडायला लागले. मग आम्ही तिथेच पाण्यात उभ्या राहिलो... आणि मी इतके दिवस न विचारलेलं विचारलं. "विमल, तुझ्या मनात काय आहे?"

तिनं माझा हात दंडावरून सोडवून हातात घेतला. मग म्हणाली, "बोटीवर पैल्या दिशी आलतं मनात. मग तू गाठ मारलीस. मी जागीच हुते. म्हटलं, मी गेले तर ही बी येईल माझ्यासंगं... आन हिला तर पवायला बी येत न्हाई."

"आणि आत्ता?"

"आत्ता नुसतं पाणी बघाय आलते. वरीस झालं, असं पाण्यात उतरले न्हाई."

तिथे मग ती रडली. नवरा गेल्याची बातमी आल्यापासून पहिल्यांदाच, असं तिनंच नंतर सांगितलं. मी तिला धरून उभी होते की तिनं मला धरलं होतं, आजही नक्की सांगता येणार नाही.

घरी गेल्यावर दादाला तिनं स्वतःच सगळं सांगितलं. तो नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिला...

त्या दुपारी मी जी झोपले ती थेट दिवे लागल्यावर उठले. विमल वहिनींबरोबर भाकरी थापत होती आणि चक्क नवऱ्याबद्दल बोलत होती... त्याला भाकरी कडक लागायची, वगैरे.

उन्हाळा लागताना आम्ही परत आलो. सासूबाई स्टँडवर थांबल्या होत्या. सुनेला जवळ घेऊन त्यांनी कितीतरी वेळ सोडलं नाही. त्याच वर्षी त्यांनी आग्रह करून तिला गावच्या शाळेत नोकरीला लावलं, आणि ती निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली.

मला काळजी करण्याशिवाय तेव्हा काही सुचलं नव्हतं. पण त्या पाण्यात उभं राहून तिनं मला खरं सांगितलं... आयुष्यात कोणी माझ्यावर टाकलेला तो सगळ्यात मोठा विश्वास. आता कोणी असं गप्प गप्प दिसलं की मी जवळ जाऊन बसते आणि सरळ विचारते.