मामांच्या पिशवीतला सेट

मावळात एम.ए., एम.एस्सी. झालेला एकही माणूस असा सापडणार नाही, ज्याच्या उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स आमच्या मामांच्या पिशवीत नाही. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. देहूरोडच्या लष्करी डेपोत ते स्टोअरकीपर होते आणि निवृत्त होताना तिथली खोड घरी घेऊन आले. प्रत्येकाच्या कागदांचा एक सेट, प्रत्येक कागद तीन प्रतींत, वर नावाची चिठ्ठी. कुणी पदवीधर झालं की लोक पेढे मागतात, मामा जातीचा दाखला मागतात. सरकार पुढच्या शिक्षणाला पैसे देतंय आणि आपली पोरं कागदावाचून ते सोडतायत, याचा त्यांना मनापासून राग. बेडसे गावात एका लग्नात तर ते आहेराचं पाकीट घेऊन स्टेजवर चढले आणि नवरदेवाचा हात धरून म्हणाले, "जावईबापू, दोन वर्सं हिचं नाव बदलू नका. फार्म बाद हुईल." फोटोग्राफर थांबला, वरमाय रुसली, पण नवरी शिष्यवृत्तीवर एम.कॉम. झाली आणि आजही माहेरच्याच आडनावाने नोकरी करते.

माझ्या बाबतीत मात्र मामांची विद्या त्यांच्यावरच उलटली. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष सरत आलं तरी माझ्या शिष्यवृत्तीचा पत्ता नव्हता. कॉलेजने फीसाठी तगादा लावला होता, घरी ओढाताण, म्हणून शिक्षण सोडून मी उर्से टोलनाक्यावर नोकरी धरली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. शुक्रवारी सकाळी मामा दारात हजर.

"आदार कुटल्या खात्याला जोडलंय?"

"फॉर्मात पुण्याचं खातं दिलंय."

"दिलंय कुटं ते न्हाई इचारलं. जोडलंय कुटं?"

सरकारी पैसा आधार जोडलेल्या खात्यातच जातो, हे मला कुठे ठाऊक! मामांनी पिशवी उपसली. माझ्या सेटच्या तळाशी एका जुन्या पासबुकाची झेरॉक्स निघाली. आठवीच्या शिष्यवृत्तीसाठी मामांनीच मला कामशेतला खातं उघडून दिलं होतं आणि पुढे आधारही तिथेच जोडून दिलं होतं. स्कूटरवरून आम्ही बँक गाठली. पैसे दोन महिन्यांपूर्वीच तिथे येऊन पडले होते. मी आनंदाने रडत होते आणि मामा बाकावर सुतकी चेहऱ्याने बसले होते. "जोडलं म्याच आन् इसारलो बी म्याच," म्हणाले. पुढचे आठ दिवस त्यांनी आमच्याकडे चहा घेतला नाही, दंड म्हणून.

आज मी लोणावळ्याच्या एका कॉलेजात शिकवते. पोरं आता मोबाईलवर फॉर्म भरतात, मामांना कुणी विचारत नाही. परवा रविवारी ते घरी आले आणि माझा सेट टेबलावर ठेवला. "ज्याचं त्याला परत करत हिंडतोय. तुजं समदं झालं. डेपोतबी जाताना स्टोअर मोकळं करून द्यावं लागतंय."

मी सेट उचलला आणि परत त्यांच्या पिशवीत कोंबला. "राहू द्या मामा. पीएच.डी. करायचं म्हणतेय."

पीएच.डी.चा विचार तोवर माझ्या मनालाही शिवला नव्हता. मामांनी चष्मा पुसला, उत्पन्नाचा दाखला खिडकीच्या उजेडात धरला आणि माझ्यावर डाफरले, "ह्यो लय जुना झालाय. उद्या वडगावला तहशिलीत जायचं. धाला तयार ऱ्हा."

मी सोमवारची रजा टाकली.