ओल्या बर्फावरची सवय

बायकोला माहीत नाही, आईला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. दोंडाईच्यात ज्याला सांगायला जावं तो मला ओळखतो — आणि नुसता ओळखत नाही, मिठी मारतो. आता कसं सांगायचं? बसा जरा. मी एकदम मुद्द्यावर येणार नाही. तसं जमलं असतं तर इतकी वर्षं कशाला लागली असती?

गावात मला 'बर्फवाले भाऊ' म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, याची गोळ्याची गाडी असेल. नाही हो. मी हिवाळी खेळांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळलोय. हसू नका — म्हणजे हसा, सगळेच हसतात. मे महिन्यात जिथे नळाच्या पाण्याने हात भाजतो, तिथला माणूस बर्फावर काय दिवे लावणार?

तर मी फैजपूरला केळी पिकवायच्या थंड खोल्यांवर मेकॅनिक होतो. त्या कामावरून समुद्रातल्या एका इवल्याशा देशात नोकरी लागली. तिथेही केळी, तिथेही ऊन. देशाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं चांगली आहेत आणि यात त्यांचा काही दोष नाही. अकरा वर्षं राहिलो, तिथलाच नागरिक झालो. शेजारी जोसेफभाऊंचा मासळीसाठी बर्फ बनवायचा कारखाना होता. साठीचा माणूस, पण डोक्यात एकदा किडा वळवळला की संपलं. त्यांनी टीव्हीवर कर्लिंग पाहिलं आणि म्हणाले, आपल्या देशाचा संघ काढू. दोन मासेमार धरले, चौथा मी. का, तर मला थंडीची सवय!

कर्लिंग म्हणजे — कसं सांगू? वीस किलोचा, वर मूठ असलेला गुळगुळीत दगड बर्फावरून सरकवायचा. लांब दुसऱ्या टोकाला वर्तुळ आखलेलं असतं, त्याच्या मध्याजवळ तो थांबला पाहिजे. दोघांनी दगडाच्या पुढे धावत ब्रशने बर्फ घासायचा, म्हणजे दगड आणखी लांब जातो. माझं काम घासायचं. आईला फोनवर हे सगळं समजावलं तर ती म्हणाली, "झाडू माराले इतला दूर कसाले गया रे? आठे आंगण कमी शे का?"

खरे दगड परवडेनात, म्हणून जुन्या कुकरांत सिमेंट भरलं. शिट्ट्या तेवढ्या काढून ठेवल्या. कारखान्याच्या फरशीवर पाणी गोठवून त्यावर सराव. बाहेर भाजून काढणारं ऊन, त्यामुळे आमच्या बर्फावर कायम पाणी. कुकर पुढे सरकायलाच तयार नसायचा. मग अगदी त्याला खेटून, जीव तोडून घासायचं. ही खेटून घासायची सवय — हिच्याकडे मी परत येणार आहे. यावंच लागेल.

पात्र कसे ठरलो ते विचारू नका. आमच्या भागातून दुसरा संघच नव्हता. उद्घाटनाच्या संचलनात आम्ही चौघं चाललो, तेव्हा मी संघाच्या टोपीखाली आईने पाठवलेली माकडटोपी घातली होती. कॅमेरा नेमका माझ्यावर आला. तो फोटो दोंडाईच्यात लग्नपत्रिकेपेक्षा जास्त फिरला.

मग हरायला सुरुवात झाली. रोज हरलो. इतके मनापासून हरलो की लोक आम्हाला जीव लावायला लागले. शेवटच्या सामन्यात समोर डोंगरातला एक छोटासा देश होता, आमच्यासारखाच भोपळा घेऊन बसलेला. त्यांचा कप्तान लुकास, गावचा पोस्टमन, पांढऱ्या मिशा. सामन्याआधी हात मिळवताना म्हणाला, "हा माझा शेवटचा सामना. इथे एकदा तरी जिंकून घरी जायचंय." जोसेफभाऊ म्हणाले, "मलाही." दोघं हसले. सकाळीच आईचा फोन आला होता, "बठ्ठा गाव मोबाईलमा देखी ऱ्हायना, नीट झाडजो!"

थांबा, पाणी पितो.

या खेळात एक रीत आहे. घासताना ब्रश किंवा पाय दगडाला लागला, तर तो दगड बाद. पण लागला हे सांगायचं कोणी? ज्याचा लागला त्यानेच. पंच असतात, पण ते त्यासाठी नसतात. आपणच हात वर करायचा आणि आपल्याच हाताने दगड बाजूला सारायचा. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. म्हटलं, आपल्याकडे गल्लीतल्या क्रिकेटमध्ये दांडी उडाली तरी माणूस बॅट सोडत नाही, आणि इथे हे!

त्या सामन्यात लुकासचा पाय त्याच्याच दगडाला लागला. कोणीसुद्धा पाहिलं नव्हतं. मी दोन हातांवर होतो, मलाही दिसलं नाही. त्याने हात वर केला, दगड थांबवला, बाजूला ढकलला आणि शांतपणे पुढचा डाव मांडला. तो दगड राहिला असता तर आम्ही तिथेच संपलो असतो. त्यामुळे बरोबरी राहिली, आणि सगळं आमच्या शेवटच्या दगडावर आलं.

जोसेफभाऊंनी तो सोडला. मी घासत सुटलो. मधल्या टप्प्यात, अजून अर्धी वाट बाकी असताना — लागला.

आवाज नाही आला. हाताला कळलं. ब्रशच्या दांड्यातून कोपरापर्यंत कळलं. ताटलीला चमचा लागावा तितकंच. तीच ती खेटून घासायची सवय. पण सवयीने ब्रश लागला; तोंड काही सवयीने बंद राहिलं नाही. मी घासतच राहिलो. आणखी जोरात घासलं, निर्लज्जासारखं. दगड त्यांच्या दगडापेक्षा वीतभर आत जाऊन थांबला.

जिंकलो! जोसेफभाऊ बर्फावर पालथे पडून रडत होते. त्या देशात दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर झाली. माझ्याकडे कारणं पोतंभर आहेत — भाऊंचे अश्रू, तो देश, मोबाईलपुढे बसलेलं गाव, आई. सगळी खरी आहेत. पण त्या वेळी यातलं एकही माझ्या मनात आलं नव्हतं. मला फक्त जिंकायचं होतं.

अजून एक रीत आहे. सामना संपला की जिंकलेल्यांनी हरलेल्यांना बसवून काहीतरी पाजायचं. मी लुकासला गरम चॉकलेट आणून दिलं. त्याने एक घोट घेतला. मग म्हणाला, "शेवटचा दगड फार जवळून घासलात." एवढंच. आणि कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. घाई नव्हती त्याला. रागही नव्हता.

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "आमचा बर्फ ओला असतो ना."

त्याने मान हलवली. मला शंभरदा वाटतं, तेव्हा जमीन फाटली असती तर बरं झालं असतं. पण बर्फ फाटत नाही, चांगला जाड असतो.

दोंडाईच्यात सत्कार झाला. स्टेशनापासून बँड. फ्लेक्सवर माझं डोकं, आणि खाली डोंगरावरून उडी मारणाऱ्या कोणा दुसऱ्याच माणसाचं धड. हातात हार घातलेला झाडू दिला. पुढे एका शाळेत बोलावलं. तिथल्या गुरुजींनी — देव त्यांचं भलं करो — इंटरनेटवर सगळं वाचून ठेवलं होतं. म्हणाले, "मुलांनो, या खेळात खेळाडू स्वतःची चूक स्वतः सांगतो. असे हे आपले भाऊ!" सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. गळ्यात झेंडूचा हार होता आणि मान खाजत होती. मी हात जोडले. भाषणात प्रामाणिकपणावर वीस मिनिटं बोललो, आणि वाईट म्हणजे छान बोललो.

लुकासचं दरवर्षी नवीन वर्षाला कार्ड येतं. मी त्याला केळीचे वेफर्स पाठवतो. ते त्याच्या नातवंडांना आवडतात. तो आता गावातल्या मुलांना कर्लिंग शिकवतो. या वेळच्या कार्डात त्याने लिहिलंय की मुलांना तो आमच्या सामन्याचा व्हिडिओ दाखवतो. कुकरची गोष्ट सांगितली की पोरं लोळून हसतात. खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे: "शेवटचा दगड यायच्या आधी मी बंद करतो."

बायकोने ते कार्ड फ्रिजवर लावलंय. चित्र छान आहे म्हणून. पाणी घ्यायला गेलो की समोर येतं.

तो दगड माझ्या ब्रशला लागला होता. मला त्याच क्षणी कळलं होतं. मी हात वर केला नाही.