अम्मांच्या वडिलांची पत्रिका

शेजारच्या अम्मांनी मला दार लावून घ्यायला सांगितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या वडिलांचं पत्रिकेत काय आलंय ते बघायचंय मला. कुणाला बोलू नकोस."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. नव्वदी उलटलेल्या बाईला, वडील जाऊन जमाना झाल्यावर, त्यांच्या पत्रिकेचं काय करायचंय? आता कुठला मंगळ आडवा येणार होता? तरी शहाण्यासारखं विचारलं, "जन्मवेळ माहीत आहे का, अम्मा?"

"कसली जन्मवेळ?" अम्मांनी विचारलं. मग माझा घोटाळा त्यांच्या लक्षात आला आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. तेलुगूत पत्रिका म्हणजे वर्तमानपत्र. हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण माहेरी आम्ही तेलुगूच बोलतो. पण आमची तेलुगू सोलापूरची. पणजोबा हातमागावर काम करायला तेलुगू मुलखातून सोलापुरात आले, तेव्हापासून तिच्यात निम्मं मराठी शिरलंय. आमच्याकडे वर्तमानपत्र म्हणजे पेपर, आणि पत्रिका एकतर जन्माची नाहीतर लग्नाची. शाळा मराठी, त्यामुळे तेलुगूचं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं. इथे डब्लिनमध्ये मराठी मंडळात मी 'ती तेलुगू' असते आणि तेलुगू लोकांत 'ती मराठी'. पूर्वी राग यायचा. आता दोन्हीकडे जेवून येते.

हसणं ओसरल्यावर अम्मांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांचा मुलगा तेलुगू मंडळासाठी एक प्रदर्शन भरवत होता: स्वातंत्र्याच्या लढ्यातली तेलुगू वर्तमानपत्रं. त्यात आजोबांचा मोठा फोटो लागणार होता, कारण आजोबा जेलमध्ये जाऊन आलेले. त्या वर्षाच्या जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं त्याने कुठल्याशा लायब्ररीतून मिळवली होती. त्याला स्वतःला तेलुगू धड वाचता येत नाही. शाळेत मार्क चांगले पडतात म्हणून त्याने संस्कृत घेतलं होतं. म्हणून रविवारी ती पानं मंडळातल्या वाचणाऱ्या लोकांकडे जायची होती.

"आणि मला त्याच्या आधी कळायला हवं," अम्मा म्हणाल्या.

त्यांच्या गावात वर्तमानपत्राचा एकच अंक टपालाने यायचा. संध्याकाळी वडील तो पारावर बसून मोठ्याने वाचायचे. ज्यांना अक्षरओळख नव्हती ती माणसं शेतातून थेट तिथे यायची. कुठे मीठ केलं, कुणाला धरलं, कुठे परदेशी कापड जाळलं, सगळं गावाला त्या वाचनातून कळायचं. मधेच सरकार छापखान्याकडे जामीन मागायचं आणि वर्तमानपत्र बंद पडायचं. तरी लोक येऊन बसायचे, मग वडील जुनाच अंक पुन्हा वाचायचे. अम्मांचा तेव्हा जन्मही नव्हता. हे त्यांना आईने सांगितलेलं.

पुढचं आईने सांगितलं नाही, ते गावाने सांगितलं. चळवळीपायी वडिलांना शिक्षा झाली आणि ती पुरी व्हायच्या आत ते घरी आले. त्यांनी सरकारला माफी लिहून दिली, आणि ती त्याच वर्तमानपत्रात छापून आली, असं लोक म्हणायचे. त्यानंतर वडील पारावर कधी बसले नाहीत. त्यांच्या ह्या एकुलत्या एक लेकीला शाळेतली मुलं माफीवाल्याची पोरगी म्हणायची. एकदा तिने घरी येऊन विचारलं, तर वडील न बोलता उठून गोठ्यात गेले.

"तेव्हापासून मी त्यांना भित्रा समजत आले," अम्मा म्हणाल्या. "शेवटपर्यंत. वर्तमानपत्रात तसं खरंच असेल, तर मुलाला सांगून फोटो काढून घेईन. चार लोकांसमोर त्याचं हसं नको."

अम्मांच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. दाराची चौकट दिसते, दारातल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. स्वतः वाचणं शक्य नव्हतं. मंडळातल्या कुणाला विचारावं तर गावभर व्हायचं. "तुला बोलता येतं, वाचता येत नाही आणि तिथे तुझं कोणी ऐकत नाही," त्या म्हणाल्या. ही माझी पात्रता! मला हसूही आलं आणि थोडं लागलंही.

आधी मी फोनच्या ॲपला कामाला लावलं. पुसट छपाईवर त्याने असे तारे तोडले की एका बातमीत म्हणे जिल्हाधिकाऱ्याने वांगी घातली होती. ॲपचा नाद सोडला. मग अम्मांनी जाड मार्कर मागितला आणि कागदावर वडिलांचं नाव लिहिलं. डोळ्यांनी दगा दिला होता, हाताने नाही. मी ते नाव समोर ठेवलं आणि अम्मांच्या मुलाच्या टॅबलेटवर पान मोठं करून तसाच आकार शोधू लागले. विणकराच्या घरातली आहे मी. वाचता येत नसलं तरी नक्षी ओळखता येते.

दोन-तीन दिवस हेच चाललं. अम्मांचा मुलगा ऑफिसला गेला की मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे. नवऱ्याने शेवटी विचारलंच, "अगं, तू वर्क फ्रॉम होम करतेस की वर्क फ्रॉम शेजार? परत मीटिंग कॅन्सल केलीस?" मी म्हटलं, अम्मांना कंपनी देतेय. खोटं नव्हतं ते.

नाव सापडलं ते एका पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, औषधाच्या जाहिरातीच्या वर. मजकूर अगदी थोडा. नाव दुसऱ्याच कुणाचं असावं, असं मनापासून वाटलं.

आता वाचायचं कसं? तेलुगूची सगळी अक्षरं मला एकाच आईची लेकरं वाटत होती. 'खाली गोल, वर टिचकी, बाजूला शेपूट' असं सांगून बघितलं, अम्मा वैतागल्या. मग त्यांनी तळहात पुढे केला. "इथे काढ."

मी पानावर बघून त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षर काढायचं. त्या ते ओळखून मोठ्याने म्हणायच्या. अक्षरं जोडली गेली की शब्द मला कानाने कळायचा. चुकलं की त्या हात झटकायच्या आणि मी परत काढायची. फार हळू चाललं होतं, आणि आता हे संपूच नये, असंही वाटत होतं.

माफीच होती ती. चळवळीशी माझा संबंध राहिलेला नाही, सरकारचे कायदे पाळीन. मी बोट थांबवलं. "पुरे का?" मी विचारलं. "संपलं का?" त्यांनी उलट विचारलं. अजून दोन ओळी होत्या. "मग काढ."

बायको बाळंत होऊन अंथरुणाला खिळली आहे. घरात दुसरं माणूस नाही. पुढचा शब्द मी एकेक अक्षर करून काढला आणि अम्मा म्हणत गेल्या, "कू... तु... रु." कूतुरु. मुलगी. मुलगी झाली आहे, तिला सांभाळायला कोणी नाही.

अम्मांनी मूठ मिटली. माझं बोट आतच राहिलं. मला रडू आवरेना. त्या मात्र रडल्या नाहीत, रागावल्या. "मला का नाही सांगितलं त्यांनी? गोठ्यात जाऊन बसले! मी विचारलं होतं ना?" थोड्या वेळाने आवाज खाली आला. "मला काय सांगणार. तुझ्यामुळे, असं म्हणायचं का पोरीला?"

शनिवारी त्यांनी मुलाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तो हबकला. फोटो काढून टाकायचा का, म्हणून त्याने विचारलं.

"फोटो राहू दे," अम्मा म्हणाल्या. "त्याच्या शेजारी हे पान लाव. त्याखाली सगळं इंग्लिशमध्ये लिही, इथल्या मुलांना वाचता येईल असं."

"अम्मा, प्लीज. तिथे सगळे फ्रीडम फायटर्स असणार. लोक म्हणतील घाबरले आणि सुटले." मग माझ्याकडे वळून हिंदीत, "अक्का, आप समझाओ ना यार इनको."

मी अम्मांकडेच बोट दाखवलं.

"घाबरले असतील," अम्मा म्हणाल्या. "पण घरी आले ना."