इस्त्रीवालीच्या गोष्टीतली बाई

आमच्या शिवणघरात मी काज-बटण करायची आणि ती इस्त्री. पडद्यापलीकडून तिच्या गोष्टी चालू असत. सुरुवात ठरलेली. "एक होती बाई. नवरा म्हणजे ओवाळून टाकलेला."

तो बाईला जिन्यावरून ढकलायला गेला, ती बाजूला सरकली, तोच गडगडत खाली. वर विचारतो, "जिना पुसलास कशाला?" त्याने उकळतं पाणी फेकलं, ते त्याच्याच मांडीवर उलटलं. दर वेळी बाईच जिंकायची. आम्ही हसून बेजार. मास्तर म्हणायचे, "अगं, जरा तोंडालाही इस्त्री कर."

त्या दुपारी तिचा नवरा आला आणि पडद्याआड गेला. किंकाळी ऐकून आम्ही धावलो. तो जमिनीवर होता. गालाची कातडी सोलून इस्त्रीला चिकटली होती. आमच्यादेखत तिने इस्त्री पुन्हा उचलली आणि टोकाकडून कपाळावर हाणली. हाड वाजलं. शर्टांच्या गठ्ठ्यावर रक्त उडालं. तिच्या गळ्याभोवती वायरीचा लाल वळ होता.

तो वाचला. दवाखान्यातून आधी त्यानेच जबानी दिली, "जेवलीस का विचारायला गेलो, तर हिने तापलेली इस्त्री मारली." त्याची हकिकत इस्त्रीपासून सुरू झाली. आम्ही पाहिलं तेही तिथूनच.

फौजदार तिला म्हणाले, "बाई, आता तुमचं सांगा."

"एक होती बाई…"

"गोष्ट नको. गप्प राहिलात तर त्याचंच खरं धरावं लागेल."

ती गप्पच राहिली. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या रोजनिशीच्या सात वह्या घेऊन चौकीत गेले. तिची प्रत्येक गोष्ट मी तारखेनिशी उतरवली होती. त्याखालीच दिवसभराची बारीकसारीक नोंद. जिन्याच्या गोष्टीखाली: 'इस्त्रीवाली लंगडत आली. चप्पल तुटली म्हणाली.' पाण्याच्या गोष्टीखाली: 'आज उभ्यानेच जेवली.' गोष्ट आणि तिच्याखालची ओळ, दोन्ही माझ्याच हातच्या. एकत्र मी कधी वाचल्या नव्हत्या.

फौजदारांनी चौथी वही मिटली आणि समोर बसवलेल्या तिला विचारलं, "ह्यातली बाई कोण?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "मीच की. ह्यांना कोण वाटली?"

मी उरलेल्या तीन वह्या पुढे सरकवल्या.

तिने खुर्ची पुढे ओढली. "लिहून घ्या, साहेब. जिन्यावरून तो पडला नव्हता."