बंदराजवळच्या बागेतला पहिला चर

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचं साल असेल. बंदराजवळच्या बागेत पाण्याच्या टाकीसाठी खणताना घडीव चिऱ्यांचा पाया आणि निळ्या नक्षीच्या बशांचे तुकडे लागले. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या मास्तरांना तेवढं पुरे झालं. जुनी वखार आहे म्हणाले, वरून परवानगी आणली आणि अर्ध्या गावाला कामाला लावलं. मी त्याच शाळेत नवी शिक्षिका. दोऱ्या ताणून चौकोन आखायचं काम माझं. काय तोरा होता मला त्याचा!

पहिला चर कमरेइतका खोल झाला. दुसरा चौकोन सुरंगीच्या झाडापाशी आखला, तर माझी आई येऊन दोरीच्या आत उभी राहिली.

"हय खणू नको गो."

"आये, बाजूक हो! लोक बघतत." चारचौघांत मी तिच्यावर खेकसले. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

"तुझो थोरलो भाव हय आसा," ती म्हणाली.

मला थोरला भाऊ होता हेच मला ठाऊक नव्हतं. बाग होण्याआधी ती पडीक जागा होती, आणि तान्ही मुलं गेली की तिथे पुरत. बारसं व्हायच्या आतच तो गेला. बायकांना तिथे नेत नसत. बाबांनी घरी येऊन झाड तेवढं सांगितलं होतं. त्याच्यावर कुदळ पडू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

मास्तरांनी स्वतः दोरी सोडली. "इथलं ढेकूळही हलणार नाही," म्हणाले. आईने पदर तोंडाला लावला. मी तिचा हात धरला, पण माफी काही मागता आली नाही मला मेलीला.

तेवढ्यात मास्तरांच्या पत्नी पुढे आल्या. रोज आम्हा सगळ्यांना चहा आणायच्या त्या. आमच्या पहिल्या, खणून झालेल्या चराकडे त्यांनी बोट दाखवलं.

"भावजींनी आपल्या दोघांच्या चेडवाक, तान्ह्या लेकीक, थंय ठेवल्यानी," त्या मास्तरांना म्हणाल्या. "तुमी तेवा मुंबयत होतात."

मास्तर त्यांच्याकडे वळले. "अगं, मग... आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इतके खुशीत होतात."

उपसलेल्या मातीत आम्हाला एवढंसं हाडही दिसलं नव्हतं. आमच्या तांबड्या मातीत ते उरणार तरी कुठून! मास्तर चराच्या कडेला गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी माती आत लोटू लागले. आम्ही फावडी उचलली, तशा मास्तरांच्या पत्नी आडव्या आल्या.

"रवा. तेवा हे नाय होते. आता त्येंकाच करूंदेत."