लूमवर गेलेली करंगळी

भिवंडीत बोट नसलेला माणूस बघून कोणी दचकत नाही. आमच्या गल्लीत कापडाच्या लूमवर राबणारे कितीतरी पुरुष तसेच. वडिलांची करंगळी पट्ट्यात सापडून गेली तेव्हा मी शाळेत होते. तुटलेल्या जागी कातडी कशी गोळा होते, थंडीत ती ठणकते का, हे विचारून विचारून मी त्यांना वैताग आणला होता. मला चौकशीची खोडच. आई म्हणायची, "हिला दुसऱ्याच्या चुलीवरचं झाकण उचलून बघितल्याबिगर झोप न्हाय."

ही खोड घेऊन मी जपानला गेले. गेले होते एका भारतीय हॉटेलात डोसे वाढायला. हॉटेल बंद पडलं, तोवर भाषा तोंडात बसली होती, म्हणून एका लहानशा क्लबमध्ये लागले. काम म्हणजे गिऱ्हाइकाशेजारी बसायचं, त्याचा ग्लास भरायचा, सिगारेट पेटवायची आणि त्याच्या रटाळ गोष्टींना हसायचं. त्यापुढे काही नाही. हे भिवंडीत कोणाला पटत नाही आणि मी पटवत बसत नाही. आईला पटलं, तेवढं पुरे.

क्लबच्या मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गिऱ्हाइकाला खरं नाव विचारायचं नाही, घरचं विचारायचं नाही. माझ्यासारखीला ही शिक्षाच होती.

एका संध्याकाळी चार माणसं आली. मरणाचा उकाडा, तरी चौघांच्या शर्टांची मनगटापर्यंतची बटणं लावलेली. मालकीणबाईंचा आवाज एकदम मधाळ झाला. त्यांनी मला त्यातल्या पन्नाशीच्या एकाजवळ बसवलं. त्याने ग्लास उचलला तर डाव्या हाताची करंगळी अर्धीच. परमुलखात गल्लीतलं कोणी भेटावं तसा मला आनंद झाला. मी विचारलं, "कुठल्या मशीनवर गेली?"

शेजारच्या फिलिपिनो मुलीने खालून माझा पाय दाबला. मालकीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. काय चुकलं ते मला कळेना, म्हणून मी आणखी भर घातली, "माझ्या वडिलांचीही गेलीय, कापडाच्या मशीनवर. तुमची थंडीत दुखते का?"

तो म्हणाला, "दुखते." आणि हसला. तो हसल्यावर मग बाकीचे तिघे हसले.

ती मुलगी नंतर भांडी विसळताना म्हणाली, "बये, टोळीवाले आहेत ते." चूक झाली की स्वतःच्या हाताने करंगळी कापून वरच्यासमोर ठेवायची, अशी त्यांची माफी मागायची रीत. माझी पाचावर धारण बसली, आणि पाठोपाठ प्रश्न सुरू झाले. कापतात कशाने? तो वरचा त्या बोटाचं करतो काय? ती म्हणाली, "तूच विचार जाऊन." मी मात्र विचारात पडले. आमच्याकडे चूक मशीनची, बोट माणसाचं. इथे निदान दोन्ही एकाचंच होतं.

तो येत राहिला आणि मलाच बोलवू लागला. त्याला भिवंडीचं ऐकायला आवडायचं. मी सांगितलं, आमच्याकडेही भाई आहेत, गावाबाहेर वडप्याच्या बाजूला जमिनीवर गोदामं उठली तसे तेही उगवले. पण ते छातीची बटणं उघडी टाकून सोन्याच्या साखळ्या मिरवतात. तो म्हणाला, "आम्हाला एक बटण उघडायची चोरी." अंगभर गोंदण होतं म्हणे. मला ते बघायची फार इच्छा होती, पण तेवढी अक्कल मला होती.

मग एकदा तो आला आणि प्यायलाच नाही. त्याची आई गेली होती. भावाने निरोप दिला होता, अंत्यविधीला येऊ नकोस, शेजारीपाजारी बघतील. हा घरासमोर रस्त्यापलीकडे गाडीत बसून राहिला. मला म्हणाला, "तू बुद्धाच्या देशातली. तुमच्याकडे गेलेल्या माणसासाठी काही म्हणतात का?"

आई दर रविवारी विहारात वंदनेला जाते. तिला मी फोनवर सगळं सांगितलं, तो काय धंदा करतो तेही. बोटाचं तेवढं राहून गेलं. आई म्हणाली, "त्यानं काय केलं ते त्याच्यापाशी. म्हातारीनं काय केलंय? पर नाव पायजे. नावाबिगर पुण्यानुमोदन कसं करनार? वंदनेचं पुन्य कुनाच्या नावानं द्यायचं?"

म्हणजे मला नेमकं तेच विचारायचं होतं, जे विचारायची बंदी होती. त्याचं स्वतःचं खरं नावही मला ठाऊक नव्हतं. विचारलं, तेव्हा तो हळू आवाजात आईचं नाव दोनदा म्हणाला, मला नीट उच्चारता यावं म्हणून. ते मी इथे लिहीत नाही.

रविवारी भिवंडीत सकाळ होती, आमच्याकडे दुपार. क्लब बंद. मालकीणबाईंनी त्याच्यासाठी स्वतः दार उघडलं आणि माझ्या आईला दिसू नयेत म्हणून बाटल्यांवर चादर टाकली. मी फोन बर्फाच्या बादलीला टेकवून उभा केला. पडद्यावर विहार, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, मेणबत्त्या. भिंतीपलीकडे लूमचा खडखडाट चालूच.

"हेच ते मशीन?" त्याने विचारलं.

"हेच."

त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग आईने त्या आवाजावर आवाज चढवून ते जपानी नाव घेतलं, अगदी भिवंडीच्या हेलात, पण पूर्ण. बाकीच्या बायकांनी ते तिच्यामागून म्हटलं. त्याने हात जोडले होते. तो आवाज न करता रडत होता. मीही रडले.

वंदना संपल्यावर आईने फोन हातात घेऊन नाकाला लावला. माझी खोड कुठून आली ते कळावं म्हणून सांगते. "अगं, त्याची करंगळी कशानं गेली? लूमवर व्हता का ह्यो?"

ती काय म्हणते, त्याने विचारलं. मी सांगितलं. तो ताठ बसला आणि फोनकडे बघून म्हणाला, "हो. मशीनवरच गेली."

आई हळहळली. "मालकानं भरपाई तरी दिली का?"

तेही मी सांगितलं. तो आपल्या हाताकडे बघत राहिला. "नाही," म्हणाला, "काहीच नाही."

"तुझ्या बापालाबी न्हाय दिली," आई मला म्हणाली. "त्याला सांग, थंडीत खोबरेल कोमट करून चोळत जा. आता सांगायला त्याची आई न्हाय."