बारा मिनिटं मागं चालणारी मशीन

"अगं, तू इथंच बसलीस काय? नंबर सुटले की! माझ्या पोराचा मिळाला बी!" शेजारीण दुकानाच्या दारातून वरडली. नंबर दहाला सुटणार होते, आन् समोर कंप्युटरवर तर दहाला दहा कमी. मांडीवर माझी पोरगी, पावणेदोन वर्साची. हाक मारली तर वळत न्हाई, थाळी बडवली तरी न्हाई. तिचे कान तपासायला मोठे डॉक्टर वर्सातून एकदाच येणार, नंबर ऑनलाइन, ते बी मोजकेच.

"मामंजी, तुमची मशीन मागं हाय वो!"

"मशीन बरोबर हाय, सूनबाई. लोकच घाई करायलेत."

आमच्या ह्या चुलत सासऱ्यासारखा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात हुडकून सापडायचा न्हाई. घाटनांदुरात त्यांचं फॉर्म भरायचं दुकान, दोन जुन्या मशिनी, दोन्हीत लिनक्स, ती फुकटची कंप्युटर चालवायची सिस्टीम. सगळ्या दुनियेच्या मशिनी इंटरनेटवरून आपली वेळ आपोआप जुळवून घेतात. मामंजीनी ते बंदच करून टाकलेलं. म्हणायचे, "दूरच्या कुण्या मशिनीला घडीघडी विचारायचं, बाई, किती वाजले? कावून? आपल्या घरात घड्याळ न्हाई का?" घरातलं घड्याळ म्हंजे सासूबाईचं, मामंजीच्या बायकोचं. त्या जाऊन तीन वर्सं झाली, पण त्यांचं चावीचं मनगटी घड्याळ मामंजी रोज सकाळी चावी देऊन कानाला लावतात, मान हलवतात, कुणी सांगितल्यासारखी, आन् मग दोन्ही मशिनीत हातानं वेळ भरतात. दुकानात शिरलं की मोबाईल दाराजवळच्या डब्यात टाकायचा, असा कायदा. एका गुरुजीची त्यापायी गाडी हुकली, ते भांडायला आले तर मामंजी म्हणाले, "तुमची वेळ सरकारी, गुरुजी. माझी घरची."

हसू येतं, पण एकदा अंगावर काटा बी आलता. एरवी लाईट गेली की त्या जुन्या मशिनी वेळ विसरायच्या. त्या दिवशी लाईट गेली, आली, मशीन नवी सुरू झाली, आन् तिच्यात सासूबाईचीच वेळ. मामंजी तवा माझ्यासमोर चहा पित होते, हात लावला न्हवता. म्हणाले, "ती इथंच बसती की," आन् शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरची धूळ फडक्यानं पुसली.

तर त्या दिवशी मी रडायले ते बघून त्यांनी नंबराचं पान उघडलं. दोन नंबर राहिलेले. नाव भरलं, आधार भरलं, आन् लाल अक्षरं आली, तुमच्या संगणकाची वेळ बारा मिनिटं मागं हाय, आधी वेळ जुळवा. परत केलं, परत लाल. नंबर एकच राहिला.

"हातानं बारा मिनिटं पुढं घ्या ना, मामंजी!"

त्यांनी माऊस धरला. "हिच्या हातावर चाललेली वेळ हाय गं. मी कशी पुसू?" मग 'वेळ आपोआप जुळवा' ह्या चौकटीवर बाण नेऊन ठिवला, उठले आन् भिताडाकडं तोंड केलं. "तू दाब. मी बघत न्हाई."

मी दाबलं. डोळ्यादेखत दहाला सात कमीचे दहा पाच झाले. नंबर मिळाला, शेवटचा. मी पोरीचे मुके घेतले, आन् मागं बघते तर मामंजी घड्याळ कानाला लावून उभे. "थांबलं," म्हणाले. निस्ता कागदासारखा चेहरा. मग काय मनात आलं, त्यांनी ते बंद घड्याळ माझ्या पोरीच्या कानाला लावलं. जी पोरगी थाळीला वळत न्हाई, ती हसली. आन् वळून त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिली, लई येळ.

मी तिला उचलून घराकडं पळतच आले.

डॉक्टरांनी कान तपासले, ऐकायची मशीन लावावी लागंन म्हणाले, लवकर आणलं ते बरं केलं. आता दुकानातली वेळ एकदम बरोबर असती, गिऱ्हाइकं खूश. मोबाईलचा डबा बी काढून टाकला. मामंजी मला एक शब्द वाईट बोलले न्हाईत, उलट पोरीला बिस्कीट देतात. निस्तं ते घड्याळ चावी दिली तरी चालत न्हाई, सकाळी दुकान उघडलं की त्यांना काई कामच राहिलं न्हाई, ते आपले बसून राहतात. मी जाते, म्हणते, मामंजी, ती आपोआपची टिक काढून टाकू का? ते म्हणतात, "राहू दे. आता कुणाला विचारून भरू?"

माझ्या लेकराचे कान एकीकडं, आन् त्यांचं ते माणूस एकीकडं. तुमी तिथं असता, बाण चौकटीवर असता, तर तुमी काय केलं असतं, सांगा ना?